सोनोग्राफी : रुग्णांनी काय जाणून घ्यावे?

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या आरोग्य शिबिरात, सोनोग्राफी विभागात अनेक वर्षे काम केलेल्या एका वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या नोकरीच्या आरंभीच्या काळातील एक प्रसंग सांगून मी बोलण्यास सुरुवात करतो. मी ज्या रुग्णालयात काम करीत होतो तेथे एक शेतमजूर बाई पोटदुखीसाठी सोनोग्राफी करून घेण्यास आल्या होत्या. पहाटे उठून, दोन मैल चालून, पहिली एस. टी. धरून त्या आलेल्या. त्या दिवसाची मजुरी अर्थातच बुडाली होती. मी नेहमीप्रमाणे विचारले, ''बाई, सकाळपासून काही खाल्ले आहे का?'' त्या म्हणाल्या, ''नाही साहेब, उपाशीच आहे. स्टँडवर फक्त चहा घेतला.'' दुधाच्या त्या एका कपाने त्यांचे पित्ताशय आकसून गेले होते आणि ज्या खड्यांचा संशय होता ते असल्यानसल्याचे मला खात्रीने सांगता येईना. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे लागले. त्या निघताना एवढेच म्हणाल्या, ''चहाला कोणी खाणं म्हणतं का, साहेब?''

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी माझ्याजवळ नव्हते. चूक त्या बाईंची नव्हती. त्यांना दिलेल्या चिठ्ठीवर 'उपाशीपोटी' एवढाच शब्द लिहिलेला होता, आणि उपाशी राहणे याचा आपल्याकडील अर्थ चहा वर्ज्य करणे असा होत नाही. पुढे एकदा एक आजी आल्या. त्या दिवशी त्यांची एकादशी होती. ''आज तर माझा उपासच आहे,'' असे मोठ्या समाधानाने सांगून त्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ल्याचेही सांगितले. तेव्हापासून मी चिठ्ठीवर स्पष्ट लिहू लागलो: ''पाणी सोडून काहीही नको. चहा, दूध, फराळ काहीही नको.'' परत जाणाऱ्या रुग्णांची संख्या त्यानंतर कमी झाली.

सोनोग्राफीचे यंत्र लाखो रुपयांचे असते. ते चालविण्यास वर्षानुवर्षांचे शिक्षण लागते. परंतु त्या सर्वांचा उपयोग पुष्कळदा रुग्णाला घरी असतानाच मिळालेल्या दोन वाक्यांवर अवलंबून असतो. ही दोन वाक्ये गावात कोण सांगणार? ते काम आपण करू शकता, म्हणूनच आज आपल्यासमोर मी हा विषय मांडीत आहे.

ध्वनीने पाहणे

सोनोग्राफी म्हणजे ध्वनीच्या साहाय्याने शरीराच्या आतील चित्र मिळविणे. मनुष्याच्या कानाला दर सेकंदास सुमारे २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. त्याहून अधिक कंपनांच्या ध्वनीस श्रवणातीत ध्वनी म्हणतात. वटवाघूळ अंधारात भिंतीला न धडकता उडते ते अशाच ध्वनीचा प्रतिध्वनी ऐकून. सोनोग्राफीत वापरला जाणारा ध्वनी दर सेकंदास साधारणपणे वीस लाख ते दीड कोटी कंपनांचा असतो.

आपल्या पोटावर जी मूठ फिरविली जाते तिच्यात विशिष्ट स्फटिकासारखे पदार्थ बसविलेले असतात. त्यांना विद्युत्‌दाब दिला की ते थरथरतात आणि ध्वनी निर्माण करतात. परत आलेला ध्वनी त्यांच्यावर आदळला की ते उलट विद्युत्‌दाब निर्माण करतात. हा गुणधर्म जॅक व पिअर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधून काढला. शरीराच्या मऊ भागातून ध्वनी दर सेकंदास सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. पंधरा सेंटिमीटर खोल असलेल्या अवयवावर आपटून परत येण्यास त्याला सेकंदाचा सुमारे पाचहजारावा भाग पुरतो. प्रतिध्वनी किती वेळाने व किती जोराने परत आला हे मोजून यंत्र पडद्यावर चित्र उमटवते. ग्लासगो येथील स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी धातूतील दोष शोधणाऱ्या कारखान्यातील यंत्रापासून स्फूर्ती घेऊन हे तंत्र रुग्णांसाठी वापरले आणि १९५८ मध्ये त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. तेथून ते जगभर पसरले.

या माहितीतून रुग्णाच्या दृष्टीने दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, या तपासणीत क्ष-किरण नसतात. ''किरण लागतील, अंगात उष्णता होईल'' या भीतीने तपासणी टाळण्याचे कारण नाही. वैद्यकीय कारणासाठी, आवश्यक तेवढाच वेळ केलेल्या सोनोग्राफीमुळे मातेला वा गर्भाला अपाय झाल्याचे अनेक दशकांच्या अनुभवात सिद्ध झालेले नाही. तथापि, कारण नसताना केवळ हौस म्हणून ती वारंवार करणे योग्य नाही. दुसरी गोष्ट अशी की, ध्वनीला हवा आणि हाड हे दोन मोठे अडथळे आहेत. पाण्यातून मात्र तो सहज जातो. पूर्वतयारीचे सगळे नियम याच गोष्टीवर आधारलेले आहेत.

उपाशी का राहावे, पाणी का प्यावे?

यकृत, पित्ताशय व स्वादुपिंड पाहावयाचे असल्यास सहा ते आठ तास काही खाऊ नये. पित्ताशय ही पित्त साठविणारी पिशवी आहे. अन्न, विशेषतः दूध-तुपाचा अंश पोटात गेला की ती आकसते आणि मग आतील खडे नीट दिसत नाहीत. शिवाय खाण्यापिण्याबरोबर पोटात हवा जाते व ती पडद्यासारखी आड येते. म्हणून सकाळची वेळ असेल तर रात्रीचे जेवण हलके व वेळेवर घ्यावे आणि सकाळी चहा, दूध, बिस्किटे, फराळ यांपैकी काहीही घेऊ नये. तंबाखू व विडीही टाळावी. साधे पाणी चालते. नेहमीची औषधे असल्यास ती घ्यावीत किंवा कसे हे डॉक्टरांना विचारून, घोटभर पाण्याबरोबर घ्यावीत. मधुमेहाच्या रुग्णाने तसे आधीच सांगून सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. इन्शुलीन घेऊन उपाशी बसून राहणे धोक्याचे आहे.

गर्भाशय, अंडाशय, मूत्राशय किंवा पुरुषांची प्रॉस्टेट ग्रंथी पोटावरून पाहावयाची असल्यास लघवी भरलेली हवी. तपासणीच्या सुमारे एक तास आधी चार-पाच पेले पाणी पिऊन लघवीस न जाता थांबावे. भरलेले मूत्राशय आतड्यांना वर ढकलते आणि ध्वनीसाठी पाण्याची जणू खिडकीच तयार करते. मात्र कळ असह्य झाल्यास संकोच न करता तेथील परिचारिकेला सांगावे. पाय घट्ट आवळून, घाम फुटेपर्यंत बसून राहिलेल्या अनेक भगिनी मी पाहिल्या आहेत. एवढा त्रास सोसण्याची काहीही आवश्यकता नसते.

मान, थायरॉईड, स्तन, सांधे यांच्या तपासणीला बहुधा कोणतीच पूर्वतयारी लागत नाही. गरोदर स्त्रीने तर उपाशी राहूच नये. गर्भाच्या सोनोग्राफीसाठी उपवासाची गरज नसते. सुरुवातीच्या महिन्यांत पाणी पिऊन येण्यास सांगतात, नंतर तेही लागत नाही. ''सोनोग्राफी आहे'' म्हणून दिवस भरत आलेल्या सुनेला सकाळपासून उपाशी ठेवून आणणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. हा गैरसमज आपण आवर्जून दूर करावा.

आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पोटात अकस्मात तीव्र कळ आली असेल, अपघात झाला असेल, गरोदरपणी रक्तस्राव होत असेल, तर उपाशीपणाचा वा लघवीचा कोणताही नियम पाळत बसू नये. रुग्णाला असेल त्या स्थितीत तत्काळ रुग्णालयात न्यावे.

तपासणीच्या खोलीत

जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि पूर्वीचे सर्व अहवाल बरोबर न्यावेत. जुन्या अहवालाशी तुलना केल्याने गाठ वाढली की तशीच आहे, खडा सरकला की जागीच आहे, हे कळते. पुष्कळ रुग्ण जुने कागद पाहून डॉक्टरांचे मत दूषित होईल म्हणून ते लपवितात. त्यात नुकसान रुग्णाचेच होते.

खोलीत अंधार असतो तो पडदा नीट दिसावा म्हणून. पोटावर गार चिकट जेल लावतात ते त्वचा आणि यंत्राची मूठ यांच्यामधील हवा काढून टाकण्यासाठी. ते पुसले की निघून जाते, कपड्यांना डाग पडत नाही. तपासणी दुखत नाही. दुखऱ्या जागी थोडा दाब जाणवतो, आणि नेमके कोठे दुखते हे रुग्णाने त्याच वेळी सांगावे. ''श्वास घ्या, रोखून धरा, कुशीवर वळा'' असे सांगितले जाते, कारण श्वासाबरोबर यकृत व मूत्रपिंडे खाली सरकतात आणि फासळ्यांच्या आडून बाहेर येतात.

काही वेळा विवाहित स्त्रियांची तपासणी योनिमार्गे करावी लागते. तीत लघवी रिकामी करून यावे लागते. गर्भाशय व अंडाशय अधिक जवळून, अधिक स्पष्ट दिसतात हा तिचा लाभ. ती का करावयाची हे आधी समजावून सांगितले जावे, तिला स्त्रीची संमती असावी आणि तपासणीच्या वेळी दुसरी स्त्री खोलीत उपस्थित असावी. अशी अपेक्षा बाळगणे हा प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे आणि तो मागताना तिला संकोच वाटू नये.

यंत्राला काय दिसत नाही?

''डॉक्टर, सगळ्या अंगाची सोनोग्राफी करा म्हणजे काय ते एकदा कळेल,'' असे म्हणणारे रुग्ण अनेक भेटतात. ही अपेक्षा चुकीची आहे. सोनोग्राफी ही एका प्रश्नाचे उत्तर शोधते. मूत्रपिंडात खडा आहे का? पित्ताशयाला सूज आहे का? गर्भाची वाढ दिवसांप्रमाणे आहे का? प्रश्न जेवढा नेमका तेवढे उत्तर उपयोगी. म्हणून पाठविणाऱ्या डॉक्टरांना रुग्णाने अवश्य विचारावे, ''या तपासणीतून आपण काय पाहणार आहात?''

जठरातील व्रण आणि आम्लपित्त सोनोग्राफीत सहसा कळत नाही. हवेने भरलेली आतडी व फुप्फुसे यांच्या आतील बराचसा भाग तिला अगम्य राहतो. मूत्रवाहिनीतील लहान मुतखडा आतड्यांतील हवेमुळे सुटून जाऊ शकतो. स्थूल व्यक्तीत ध्वनी खोलवर पोहोचेपर्यंत क्षीण होतो. त्यामुळे अहवाल 'नॉर्मल' आला आणि दुखणे मात्र कायम राहिले, तर ''सोनोग्राफीत काही नाही'' म्हणून स्वस्थ बसू नये. डॉक्टरांकडे परत जावे.

याच्या उलट, अहवालात काहीतरी लिहून आले म्हणजे मोठा आजार जडला असेही नाही. यकृतात थोडी चरबी, उतारवयात मूत्रपिंडावर पाण्याची साधी गाठ, अंडाशयात पाळीबरोबर येणारी-जाणारी लहान पुटी या गोष्टी वारंवार आढळतात आणि पुष्कळदा त्यांना औषधही लागत नाही. अहवालाच्या तळाशी 'लक्षणांशी ताडून पाहावे' अशा अर्थाचे वाक्य असते. चित्रावरून केलेला हा अंदाज रुग्णाला प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांनी पारखून घ्यावा, असा त्याचा अर्थ आहे. अहवाल औषधांच्या दुकानात दाखवून गोळ्या घेणे, किंवा घाबरून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केंद्रात तीच तपासणी करणे, यात पैसा जातो व मन अस्वस्थ होते. अहवाल प्रथम डॉक्टरांना दाखवावा, हाच सरळ मार्ग.

गरोदरपणातील सोनोग्राफी

चोवीस आठवड्यांपूर्वी निदान एक सोनोग्राफी व्हावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केली. सामान्यतः पहिली तपासणी तीन महिन्यांच्या आत, दुसरी अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास आणि गरजेप्रमाणे शेवटच्या तिमाहीत एक, असा क्रम डॉक्टर सुचवितात.

पहिल्या तपासणीत गर्भ गर्भाशयातच आहे ना, एक आहे की जुळे, आणि दिवस किती झाले हे कळते. पाळीची तारीख आठवत नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत या तपासणीचे मोल फार आहे. पहिल्या तीन महिन्यांत दिवसांचा अंदाज साधारण आठवड्याच्या फरकाने बरोबर येतो. शेवटच्या महिन्यांत तोच अंदाज दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकतो. म्हणून पहिला अहवाल प्रसूतीपर्यंत जपून ठेवावा आणि पुढील प्रत्येक अहवालात तारीख बदलली म्हणून घाबरू नये.

दुसऱ्या तपासणीत गर्भाचे डोके, पाठीचा कणा, हृदय, हातपाय व वारेची जागा पाहतात. वार खाली आहे असे पाचव्या महिन्यात सांगितले गेले तरी गर्भाशय वाढते तशी ती बहुतेक स्त्रियांत वर सरकते. मात्र पुन्हा तपासणी करून घ्यावी व रक्तस्राव झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. गंभीर व्यंग आढळल्यास पुढील निर्णयासाठी वेळ हाती असणे आवश्यक असते. २०२१ च्या सुधारित कायद्यानुसार, चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास गर्भपाताची परवानगी देण्याचा विषय वैद्यकीय मंडळाकडे जातो. वीस आठवड्यांची तपासणी सातव्या महिन्यावर ढकलणाऱ्या कुटुंबावर त्यामुळे फार कठीण प्रसंग येऊ शकतो. त्याचबरोबर हेही लक्षात घ्यावे की, प्रत्येक व्यंग सोनोग्राफीत दिसतेच असे नाही. मूल ऐकू शकेल का, त्याची बुद्धी कशी असेल, हे पडद्यावर दिसत नाही.

न विचारावयाचा प्रश्न

ज्या यंत्राने असंख्य मातांचे प्राण वाचविले, त्याच यंत्राचा आपल्या समाजाने एक घोर दुरुपयोग केला. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ही संख्या ९१३ झाली आणि २०११ च्या जनगणनेत ८९४. हे आकडे ज्या वर्षी ती बालके मोजली गेली त्या वर्षीचे आहेत. ज्या मुली जन्मासच आल्या नाहीत त्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, ही आपल्या अभिमानाची बाब आहे. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला, १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने सांगणे हा गुन्हा आहे. सांगणाऱ्या डॉक्टरला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लिंगनिदान करवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. गरोदर स्त्रीवर मात्र तिच्या पतीने वा नातेवाइकांनी सक्ती केली असावी असे न्यायालय, विरुद्ध पुरावा नसेल तर, गृहीत धरते. कायद्याचा रोख कोणावर आहे हे यावरून स्पष्ट व्हावे.

सोनोग्राफी केंद्र नोंदणीकृत असले पाहिजे. नोंदणीचे प्रमाणपत्र व 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' असा मराठी फलक दर्शनी भागी असला पाहिजे. प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीपूर्वी 'एफ' नमुन्याचा फॉर्म भरला जातो. त्यात तिचे नाव, पत्ता, अपत्ये व तपासणीचे कारण लिहितात आणि आपणास गर्भाचे लिंग जाणून घ्यावयाचे नाही असे ती लिहून देते. ही माहिती विचारली म्हणून कोणी रागावू नये. उलट, जेथे काहीच विचारले जात नाही व लिहिले जात नाही तेथे शंका घ्यावी. नोंदणी नसलेल्या जागी, रात्री-अपरात्री यंत्र आणून तपासण्या होत असतील, तर ते समुचित प्राधिकाऱ्यांच्या कानावर घालणे हे पंचायत सदस्यांचे कर्तव्यच आहे.

आणि घरातील वडीलधाऱ्यांना एक शास्त्रीय सत्य सांगितले पाहिजे. मूल मुलगा होणार की मुलगी, हे पित्याच्या बीजावर ठरते. त्यासाठी सुनेला बोल लावण्यास कोणताही आधार नाही.

गावाने काय करावे?

माझ्या काही साध्या सूचना आहेत. शासकीय रुग्णालयात गरोदर स्त्रीला आवश्यक तपासण्या, त्यात सोनोग्राफीही आली, विनामूल्य मिळाव्यात आणि तिला नेण्याआणण्याची सोय व्हावी यासाठी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम जून २०११ पासून सुरू झाला. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणी होते. ही माहिती पंचायतीच्या फलकावर कायम लिहिलेली असावी. तपासणीस जाणाऱ्या स्त्रियांची यादी आशाताईंकडून घेऊन त्यांच्या जाण्याची व्यवस्था एकत्र करता येईल.

शिक्षकांनी पालक सभेत पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना प्रतिध्वनीचा धडा शिकवितानाच हे यंत्र कसे काम करते ते सांगता येईल. मग आजीला 'चहासुद्धा नको' हे नातवंडेच सांगतील, आणि ते तिला अधिक पटेल. रुग्णालयांतील माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की, चिठ्ठीवर केवळ 'उपाशीपोटी' लिहू नये. काय खाऊ नये, पाणी किती प्यावे, किती वाजता यावे हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावे आणि वाचता न येणाऱ्यास तोंडी सांगून त्याच्याकडून ते वदवून घ्यावे.

त्या शेतमजूर बाई दुसऱ्या दिवशी खरोखरच परत आल्या. त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले, शस्त्रक्रिया झाली आणि त्या बऱ्या झाल्या. पण सगळेच रुग्ण दुसऱ्या दिवशी परत येऊ शकत नाहीत. एक दिवसाची मजुरी बुडाली की दुसरी बुडविण्याची ताकद अनेकांच्या अंगी नसते, आणि मग आजार अंगावर काढला जातो. अशा एकाही रुग्णाला केवळ माहितीच्या अभावी परत जावे लागू नये, एवढे जरी आपण आपल्या गावापुरते साधले, तरी आजचे हे शिबिर सार्थकी लागले असे मी समजेन.